पानशेतच्या आधीची गाडी

"ही गाडी पानशेतच्या आधीची न्हाई निघाली, तर ह्या मिशा उतरवून तुमच्या हातावर ठिवीन!"

कोंडीराम शेडगेनं हे एवढ्या मोठ्यानं सांगितलं की शेजारच्या बिल्डिंगच्या दोन बाल्कन्यांत माणसं येऊन उभी राहिली. समोर श्रीधर मेहेंदळे होते. राहणार नारायण पेठ, बँकेतून निवृत्त, आणि जुन्या गाड्यांचं वय ओळखण्यात पुण्यात आपला हात धरणारं कुणी नाही असं त्यांचं स्वतःचं मत. त्यांनी टोपी सरळ केली, खिशातून भिंग काढलं आणि पुसत पुसत म्हणाले,

"मिशांचं मी काय करू, शेडगे? मला वर्ष सांगा."

"साठ. न्हाईतर एकोनसाठ. सत्तावन्नबी आसंल."

"एका ट्रकाला तीन जन्मसालं. छान. आता फुटबोर्डवरून खाली उतरा, म्हणजे मला चढता येईल."

ट्रक म्हणजे जुना, पुढं लांब नाक असलेला, बिबवेवाडीच्या एका मोकळ्या प्लॉटवर चाकं रुतवून उभा. गेली कित्येक वर्षं तो जागचा हलला नव्हता. टायरांतली हवा केव्हाच गेली होती आणि मागच्या हौद्यात एका कुत्रीची तिसरी पिढी नांदत होती. प्लॉटच्या कडेला कोंडीरामचं दोन खोल्यांचं घर. प्लॉटवाल्यानं आता जागा बिल्डरला दिली होती, आणि खोदकाम सुरू व्हायच्या आत ट्रक हलला नाही, तर तो भंगारात जाणार होता. खराडीला कंपनीत असलेल्या मुलाला, तेजसला, कोंडीरामनं फोन केला तेव्हा तो म्हणाला, "बाबा, फोटो काढून ठेवा ना सगळ्या अँगलनी. मी क्लाउडवर टाकतो." कोंडीरामनं वर आभाळाकडं बघितलं आणि फोन ठेवला.

पण देव कुठूनतरी दोरी सोडतोच. यंदा पानशेतच्या पुराला पासष्ट वर्षं होत होती. धरण फुटून पुण्यात पाणी शिरलं त्या दिवसाची आठवण म्हणून 'पूरस्मृती न्यास' नावाची एक संस्था गेल्या दिवाळीत जन्माला आली होती, आणि एका बागेच्या कोपऱ्यात कायमचं दालन उभारत होती. दालन म्हणजे पत्र्याची शेड, पण पत्रा चांगला होता. त्या शेडमध्ये, ज्यातून पूरग्रस्तांना वाचवलं तो ट्रक ठेवायचा, वर कोंडीरामच्या वडिलांचं नाव लावायचं, असं ठरलं होतं. अट एकच. ट्रक पुराच्या आधीचा असल्याचं श्रीधर मेहेंदळ्यांनी सांगायला हवं.

कोंडीरामच्या आयुष्यात सांगण्यासारखं फारसं काही घडलं नव्हतं. जे घडलं ते तो सहा वर्षांचा असताना, आणि त्यानंतरची पासष्ट वर्षं तो ते सांगत होता. पानशेत फुटलं त्या दिवशी त्याचे वडील, आबा, ट्रक घेऊन पेठांत शिरले आणि माणसं भरभरून पर्वतीच्या पायथ्याला नेऊन पोचवली. बॉनेटला पाणी लागलं तरी इंजिन बंद पडू दिलं नाही. सुरुवातीला ट्रकात अकरा माणसं होती. कोंडीरामच्या लग्नापर्यंत ती चाळीस झाली. तेजसच्या मुंजीएवढ्या वयापर्यंत त्यात एक बाळंतीण आली, आणि हल्ली हल्ली तर ती ट्रकातच बाळंत व्हायला लागली होती. मुलगा. मार्केटयार्डात कांदा उतरवताना, मांजरी गावात ऊस भरताना, जिथं जिथं हा ट्रक उभा राहिला तिथं तिथं ही गोष्ट उभी राहिली. कोंडीरामचा धंदा कधी फार चालला नाही. पण चहाच्या टपरीवर "पानशेतवाल्याचं पोरगं" म्हणून त्याला बाकावर जागा मिळायची.

आणि तो स्वतः त्या दिवशी आबांबरोबर होता. डोळे मिटले की त्याला अजून दिसायचं. चहूकडं गढूळ पाणी, आणि समोर आबांची ओली पाठ. पाठीला चिकटलेला सदरा. आबा पुढं वीस-बावीस वर्षं जगले, पण ते घरात बोलायचे ते फक्त "पानी दे" आणि "दिवा मालव" एवढंच. बापाचं म्हणून कोंडीरामकडं जे काही होतं, ते हेच.

तर श्रीधर मेहेंदळे केबिनमध्ये चढले.

"डॅशबोर्डावर पितळेची पाटी असते," ते म्हणाले. "तिच्यावर कंपनी सगळं कोरून देते. नंबर, महिना, वर्ष. ती असली की पाच मिनिटांचं काम."

"हाय की! जागच्या जागी हाय," कोंडीराम खालून म्हणाला.

पाटी खरंच जागच्या जागी होती. श्रीधरनी तिच्यावर भिंग धरलं. मग भिंग काढून नुसतं बघितलं. मग टोपी काढली आणि पाटीत बघून उरलेल्या केसांचा भांग नीट केला.

"पाटी उत्तम आहे, शेडगे. आकडे कुठे गेले?"

तेवढ्यात कोंडीरामची बायको यमुनाबाई चहा घेऊन आली होती. तिनं पदर सावरून सांगितलं, "मीच घासते ती. दर आवसेला. चिंच आन मीठ लावून. लगीन होऊन आले तवापास्नं एक आवस चुकली न्हाई. पितळ काळं पडलं तर लक्ष्मी रुसती."

"लक्ष्मी नाही हो रुसली, बाई. आकडे रुसले." श्रीधरनी पाटीवरून बोट फिरवलं. "देवाच्या ताम्हनावरसुद्धा थोडी नक्षी शिल्लक राहते. इथे तुम्ही काहीच ठेवलं नाहीत."

यमुनाबाईला हे कौतुक वाटलं. तिनं त्यांना बिस्कीट दिलं.

कोंडीराम मात्र डगमगला नाही. "पाटीचं सोडा. चॅसीवर नंबर ठोकलेला आसतो. त्याला कुनी चिंच लावलेली न्हाई."

"हे बोललात," म्हणून श्रीधर उजव्या बाजूच्या चॅसीपाशी बसले आणि लोखंडी पट्टीनं रंग खरवडायला लागले. रंगाचे थर निघता निघेनात. दर दसऱ्याला गाडीला एक हात द्यायचा अशी शेडग्यांच्या घरची रीत, त्यामुळं हिरव्याखाली लाल, लालाखाली पिवळा, पिवळ्याखाली पुन्हा हिरवा. श्रीधरनी मधे दोनदा पाणी मागितलं. शेवटी लोखंड दिसलं, लोखंडावर आकडे दिसले, आणि आकड्यांच्या बरोबर मधोमध अंगठा जाईल एवढं भोक दिसलं.

"हे काय?"

"लिंबू-मिरची टांगायला पाडलंय," कोंडीराम म्हणाला. आवाज जरा उतरला होता. "लई दृष्ट लागायची गाडीला. सारखी पंचर."

"सबंध ट्रकात, शेडगे, सबंध ट्रकात भोक पाडायला तुम्हाला हीच जागा सापडली?"

"तिथं लोखंड सपाट व्हतं."

"सपाट असतंच. तिथे नंबर घालायचा असतो ना!"

बाल्कनीतून कुणीतरी हसलं. कोंडीरामनं वर बघितलं, मिशीवरून पालथा हात फिरवला, आणि मग जे बोलू नये ते बोलला. तो म्हणाला, की ह्या गाडीचं सगळं बदललं असेल. इंजिनाला तीनदा नवा जन्म दिला, हौदा दोनदा, सीट किती वेळा ते आठवत नाही. "पन म्होरला ॲक्सल? त्याला माझ्याबिगर अन् आबांबिगर कुनाचा हात लागलेला न्हाई. कंपनीतनं निघाला तसा हाय. तुमी सोता आत जाऊन बघा. आईची आन!"

श्रीधर बघतच होते ट्रकाखाली कसं जायचं ते. त्यांनी पोतं अंथरलं, बॅटरी घेतली आणि पाय बाहेर ठेवून आत सरकले. बराच वेळ चिंधीनं ग्रीस पुसल्याचा आवाज येत राहिला. मग तो थांबला.

"शेडगे, आत या."

"काय झालं?"

"या तर. मी वाचलं तर तुम्हाला पटणार नाही. तुम्ही वाचा."

एक्काहत्तर वर्षांचा कोंडीराम गुडघे धरत ट्रकाखाली शिरला. आयुष्यातल्या अर्ध्या दुपारी त्यानं ह्याच ट्रकाखाली काढल्या होत्या, पण ग्रीस पुसून वाचावं असं इथं काही असेल हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. बॅटरीच्या उजेडात लोखंडातून उठून आलेले आकडे होते. त्यानं ते बोटानं चाचपले.

"तीन," तो म्हणाला. मग बोट पुढं सरकवून, "चौसष्ट."

"मार्च चौसष्ट. माल घडवतानाच घालतात."

"साइज आसंल ती."

"साइज नाही."

"मग ॲक्सल बदलला आसंल आबांनी."

"आत्ताच आईची आण घेतलीत," श्रीधर म्हणाले; पण हे त्यांनी हळू म्हटलं. पुढं जाऊन त्यांनी गिअरबॉक्स पुसला, मग मागचा धुरा पुसला. तिन्ही ठिकाणी चौसष्ट. दोघं म्हातारे ट्रकाखाली शेजारी शेजारी पडून राहिले. हौद्यातली कुत्री खाली उतरून त्यांच्याकडं बघून गेली.

"गाडी पुराला मुकली, शेडगे. तीन वर्षांनी."

"आसं कसं? मी व्हतो की तिच्यात! मला आठवतंय, साहेब. पानी व्हतं. आबा व्हते."

"तुम्ही असाल," श्रीधर म्हणाले. "आबाही असतील. गाडी नव्हती."

न्यासाचा सेक्रेटरी दिग्विजय नावाचा तरुण होता. लग्नं, वाढदिवस आणि प्रचारसभा अशी तीन प्रकारची स्टेजं तो बांधून देत असे, आणि येत्या निवडणुकीत त्यातल्या तिसऱ्यावर स्वतःच चढावं असं त्याच्या मनात होतं. बातमी कळल्यावर त्याचा लगेच फोन आला.

"काका, तसा इश्यू नाही. म्हणजे आहे. ग्रॅनाइट कोरून झालंय ना! 'याच ट्रकमधून आबा शेडगे यांनी शेकडो पूरग्रस्तांचे प्राण वाचविले.' आता ग्रॅनाइटला बॅकस्पेस नसतो, काका. तुम्ही एक काम करा, एक विटनेस आणा. आबांनी वाचवलेल्यातलं कोणी पण. ते बोलले 'ट्रक', की मी मॅनेज करतो. मेहेंदळे सरांचा ॲक्सल गेला तेल लावत."

गोष्टीत चाळीस माणसं होती, बाळंतीण धरून एक्केचाळीस. पण कोंडीराम आठवायला बसला तेव्हा नाव एकाच माणसाचं सापडलं. शनिवारातले बापट. आबा कधीतरी दसऱ्याला त्यांच्याकडं सोनं द्यायला जायचे. कोंडीरामनं घरातला धुतलेला सदरा घातला आणि शनिवार पेठेत तीन चुकीच्या बापटांच्या घरी जाऊन आला. चौथ्या बापटांनी सांगितलं, की तुम्ही म्हणता त्यांची मुलगी श्यामलाबाई, त्या वरच्या मजल्यावर. दुपारी एक ते चार बेल वाजवू नका.

चार वाजून गेल्यावर त्यानं बेल वाजवली.

श्यामलाबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, ताठ, पंचाहत्तरी ओलांडलेल्या. दार साखळीएवढंच उघडून त्यांनी विचारलं, "काय विकताय?"

"काय न्हाई बाई. मी कोंडीराम. आबा शेडग्यांचा मुलगा."

साखळी निघाली. बाईंनी त्याला पायांपासून मिशांपर्यंत बघितलं. "कोंडू? मंडईतल्या शेडग्यांचा कोंडू? अरे, तू माझ्या मांडीवर बसला होतास! आणि बसून काय केलंस ते आठवतंय का? माझा नवा परकर होता."

कोंडीरामला इतका आनंद झाला की लाजायचं राहूनच गेलं. तो दारातच बोलायला लागला. "म्हंजी तुमी व्हता! आबांच्या ट्रकात तुमी व्हता ना?"

"ट्रक? ट्रक कुठला रे?" श्यामलाबाई म्हणाल्या. "हातगाडी होती."

त्यांनी त्याला आत बसवलं, चहा टाकला आणि स्वयंपाकघरातूनच मोठ्यानं सांगत राहिल्या, जशा त्या कधीकाळी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं म्हणून सांगत असतील. आबा मंडईत हमाल होते. बापटांची भाजीची गोणी तेच आणून टाकायचे. कोंडूची आई बाळंतपणाला गावी गेली होती म्हणून पोराला बरोबर घेऊन फिरत होते. पाणी चढायला लागलं तसे ते हातगाडी घेऊन गल्लीत शिरले. "माझी आजी, आई, दादा, मी, आणि वर तू. कोथिंबिरीच्या काड्या चिकटलेल्या होत्या फळीला. पाणी त्यांच्या छातीपर्यंत होतं. ते पुढून ओढत होते, आणि आम्हाला आपली त्यांची पाठ दिसत होती. मी सारखी पाठीकडेच बघत होते. म्हटलं, ही दिसतेय तोवर आपण बुडत नाही."

कोंडीरामनं कपबशी खाली ठेवली.

"आम्हाला सोडून ते परत गेले. दोनदा की तीनदा. पायात काच घुसली होती केवढी! पुढे लंगडायचे ना रे?"

आबा लंगडायचे. क्लच दाबून दाबून पाय गेला, असं कोंडीराम आजवर सांगत आला होता.

खिडकीतून खाली रस्ता दिसत होता. रिक्षा, स्कूटरी, एक कुल्फीवाला. कोंडीरामनं तिकडं बघत मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "बाई, तुमी एकदाच ट्रक म्हनाल का? एका मान्साम्होरं. फकस्त एकदा."

श्यामलाबाई रागावल्या नाहीत. "म्हणेन की. माझं काय जातंय? सत्तर वर्षं खरं बोलून मला काही कुणी बक्षीस दिलेलं नाही." त्यांनी त्याच्या कपात उरलेला चहा ओतला. "पण कोंडू, मग तुझ्या वडिलांनी काय केलं? ट्रक तर इंजिन ओढतं."

कोंडीराम घरी आला तेव्हा यमुनाबाई मेथी निवडत होती. तो चपला न काढताच उंबऱ्यावर बसला.

"हातगाडी व्हती," तो म्हणाला.

यमुनाबाईनं मेथीची एक काडी बाजूला टाकली. "व्हय."

"व्हय म्हंजी? तुला ठावं व्हतं?"

"मामंजींनीच सांगितलं व्हतं. पाय चोळायला बसले की सांगायचे कधीमधी. ट्रक मागनं घेतला त्यांनी, जुना, पुरानंतर तुमी मामाकडं गावी ऱ्हात व्हता तवा. आमच्या घरी सोयरीक जुळवताना तुमच्या मामानं सांगितलं, की पोराच्या बापाचा ट्रक हाय, पानशेतात मानसं वाचवली. मामंजी मान खाली घालून बसले. हमालीचं काय सांगायचं, म्हनले."

"आन मला कुनी सांगायचं?"

"तुमाला?" यमुनाबाईनं पहिल्यांदाच वर बघितलं. "तुमी दम तर खाल्ला पायजे मधी. मी आपली पाटी घासत बसायची."

दुसऱ्या दिवशी कोंडीरामनं हातगाडीचं खरं सांगितलं, ते दिग्विजयनं सगळं ऐकून घेतलं. विरोध असा त्यानं कशालाच केला नाही. "हातगाडी. ओके. इमोशनल आहे, काका, रिस्पेक्ट. पण व्हिज्युअल नाही ना! शेड चाळीस फुटांची आहे. मधोमध हातगाडी ठेवली तर लोक विचारतील भुर्जी कशी दिली. आणि आहे का ती हातगाडी?"

"न्हाई. बंबात गेली."

"म्हणजे?"

"माझ्याच हळदीला. अंघोळीचं पानी तापवायला लाकडं कमी पडली व्हती."

"मग तर विषयच संपला," दिग्विजय म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखरच हलका झाला.

त्यानं फलटणच्या एका हौशी बागायतदाराकडून दुसरा ट्रक आणवला. तसाच नाकवाला, झकपक लाल. श्रीधर मेहेंदळ्यांनी तो सकाळभर तपासला. पाटीवर आकडे होते, चॅसीवर आकडे होते, ॲक्सलवर आकडे होते, आणि सगळीकडे एकच वर्ष होतं. सत्तावन्न. "इतका प्रामाणिक ट्रक मी पाहिला नाही," असं ते म्हणाले. हा ट्रक पुराच्या दिवशी फलटणला ऊस वाहत होता हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, तेव्हा त्यांनी भिंग खिशात ठेवलं. "मला वर्ष विचारलं होतं. वर्ष बरोबर आहे. पुढचं ग्रॅनाइटला विचारा."

कोंडीरामचा ट्रक त्याच आठवड्यात तोडला. भंगारवाल्याची माणसं गॅसकटर घेऊन आली आणि नाकापासून सुरुवात केली. कापणाऱ्यानं सहज विचारलं, "बाबा, कंच्या सालची हो?"

"चौसष्ट," कोंडीराम म्हणाला. आणखी काहीच सांगितलं नाही. बाल्कन्यांत माणसं आली होती, ती थोडा वेळ थांबून आत गेली. पितळेची पाटी यमुनाबाईनं मागून घेतली आणि घासायच्या भांड्यांत टाकली. कुत्री पिल्लं घेऊन शेजारच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गेली, तिथून तिला हाकललं.

संध्याकाळी कोंडीराम न्हाव्याकडं जाऊन मिशा उतरवून आला. यमुनाबाईनं ताट वाढताना बघितलं, आणि भाकरीवर नेहमीपेक्षा थोडं जास्त तूप घातलं. श्रीधर मेहेंदळ्यांना कुणी हे कळवलं नाही.

बारा जुलैच्या सकाळी बागेत मांडव होता. कोंडीराम येताना मनाशी एक ठरवून आला होता. आजवर त्यानं ती गोष्ट हजार वेळा सांगितली होती, आता एकदाच आणखी सांगायची. छातीएवढं पाणी, काच घुसलेला पाय, आणि पाठ. ट्रकाचं नाव काढायचं नाही. दोन मिनिटं पुरे होती. दिग्विजयपाशी त्यानं माइक मागितला.

दिग्विजय त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. "काका! मिशा कुठे गेल्या? बॅनरवर मिशा आहेत ना!" मागं खरंच वीस फुटी कोंडीराम मिशांसह हसत होता. "ठीक आहे, लांबून नाही कळणार. माइक देतो, शंभर टक्के देतो. एंडला. त्याआधी फक्त एक फोटो. केबिनमध्ये बसा, हात स्टिअरिंगवर. आबांची जागा, काका! आबांच्या जागी तुम्ही!"

नाही म्हणेपर्यंत दोघा कार्यकर्त्यांनी त्याला धरून फलटणच्या ट्रकात चढवलं आणि दार लावलं. आत फिनेलचा वास होता. सीट नवी होती, तिचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. कोंडीरामनं स्टिअरिंगवर हात ठेवले. फोटो निघाला.

मग भाषणं सुरू झाली. पहिल्या रांगेत श्यामलाबाई शाल पांघरून बसल्या होत्या, शेजारी श्रीधर मेहेंदळे. पाहुण्यांनी पडदा ओढला, ग्रॅनाइट दिसलं, टाळ्या झाल्या. "याच ट्रकमधून," पाहुणे म्हणाले, आणि नुसते म्हणून थांबले नाहीत, मागं वळून बॉनेटवर थापही मारली. मग सांगू लागले, की एक माउली तर ह्याच ट्रकात बाळंत झाली.

कोंडीरामनं दार उघडायला हात घातला. आतल्या बाजूला कडीच नव्हती. दुसऱ्या बाजूचं दार ग्रॅनाइटच्या चौथऱ्याला टेकलेलं होतं. काच खाली करायचा दांडा त्यानं फिरवला, तो हातात आला.

त्यानं काचेवर थाप मारली. "हातगाडी!" तो ओरडला. "हातगाडी व्हती! ट्रक न्हवता!"

बाहेर स्पीकर मोठा होता. लोकांनी काचेमागं हलणारा हात बघितला आणि त्यांनीही हात हलवले. श्यामलाबाईंनी हलवला. श्रीधर मेहेंदळ्यांनी कानामागं हात धरून बघितलं, मान हलवली आणि शेजारी म्हणाले, "अजून साठच सांगतोय बहुतेक."

"काकांना भावना आवरत नाहीयेत," दिग्विजयनं माइकवर सांगितलं. "जोरदार टाळ्या!"

टाळ्या जोरदार झाल्या. आभारप्रदर्शन झालं, राष्ट्रगीत झालं. तेव्हा कोंडीरामनं थापा मारायचं थांबवलं आणि बसल्या जागी जमेल तेवढा ताठ झाला. त्यानंतर लोक जेवणाकडं वळले.

ते दार बाहेरून पेचकस घालूनच उघडायचं, हे फक्त फलटणहून आलेल्या ड्रायव्हरला माहीत होतं. तो जेवून, पान खाऊन सावकाश आला आणि त्यानं दार उघडलं. तोवर मसालेभात संपला होता.